कोंबड्यांतील जिवाणू संसर्ग: रक्तचाचण्यांची निवड आणि तुलना कशी करावी

सोलापूर परिसरातील कोंबडीपालक रक्ताच्या नळ्या घेऊन पशुवैद्यकाकडे जातो, तेव्हा "सगळ्यात चांगली टेस्ट कुठली?" असा त्याचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण चाचणी चांगली की वाईट हे तिच्या निकालावर आपण कोणता निर्णय घेणार आहोत यावरून ठरते. मोहोळजवळच्या एखाद्या लेयर शेडमध्ये चार दिवसांपासून मरतुक वाढली आहे आणि आज कोणते औषध सुरू करायचे हे ठरवायचे आहे. बार्शीकडच्या पैदाशीच्या कळपाची अंडी उबवणीला लावायची की नाहीत हे ठरवायचे आहे. सांगोल्यात कोणी सोळा आठवड्यांच्या तलंगा विकत घेत आहे आणि पैसे मोजण्यापूर्वी त्यांत आजाराचे वाहक नाहीत ना, हे पाहायचे आहे. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एकच चाचणी तिन्हींना पुरत नाही. म्हणून नमुना घेण्याआधी कागदावर एक वाक्य लिहावे: निकाल पॉझिटिव्ह आला तर मी काय करीन आणि निगेटिव्ह आला तर काय करीन. दोन्ही उत्तरे सारखीच येत असतील तर रक्त काढण्याचा खर्च आणि पक्ष्यांना होणारा त्रास दोन्ही वाचवावेत.

रक्तात नेमके काय शोधायचे

रक्तात तीन प्रकारच्या खुणा सापडू शकतात: प्रत्यक्ष जिवाणू, जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडीज, आणि संसर्गामुळे रक्तपेशींत झालेले बदल. कोंबड्यांच्या बाबतीत "रक्तचाचणी" म्हटले की बहुतेकांच्या मनात दुसरा प्रकार असतो आणि पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्याच प्रकाराविषयी आहे. प्रतिपिंडे सापडली याचा अर्थ त्या पक्ष्याची त्या जिवाणूशी कधीतरी गाठ पडली आहे एवढाच होतो. जिवाणू आजही शरीरात आहे किंवा आजची मरतुक त्याच्यामुळेच आहे, असा तो होत नाही.

प्रतिपिंडांच्या चाचणीचा खरा उपयोग अशा आजारांत होतो ज्यांत वरून धडधाकट दिसणारी कोंबडी जिवाणू बाळगून असते आणि अंड्यावाटे तो पिलांपर्यंत पोचवते. साल्मोनेला पुलोरममुळे होणारी पिलांची पांढरी हगवण, साल्मोनेला गॅलिनारममुळे होणारा फाउल टायफॉइड, मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकममुळे होणारा दीर्घकालीन श्वसनविकार, ज्याला फार्मवर सगळे "सीआरडी" म्हणतात, आणि सांधे सुजवून पक्षी लंगडे करणारा मायकोप्लाझ्मा सायनोव्ही हे चार त्यांत मुख्य आहेत. अमेरिकन जिवाणूशास्त्रज्ञ रेट्गर यांनी पांढऱ्या हगवणीचा जिवाणू १८९९ मध्ये वेगळा केला आणि १९१३ पासून वाहक कोंबड्या ओळखण्यासाठी नळीतील गुठळी चाचणी वापरात आली; प्रतिपिंडे असली की जिवाणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, हे तिचे तत्त्व. रंगीत अँटीजेनचा, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात त्या रंगवलेल्या मृत जिवाणूंच्या द्रवाचा थेंब आणि रक्ताचा थेंब एकत्र करण्याची झटपट पद्धत, म्हणजे थेंब चाचणी, १९३१ मध्ये आली. आज बहुतेक ठिकाणी हीच झटपट पद्धत पहिली पायरी असते.

ई. कोलायच्या बाबतीत मात्र प्रतिपिंडांच्या चाचणीचा हट्ट धरू नये. तो निरोगी कोंबडीच्या आतड्यातही असतोच, त्यामुळे त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडून काहीच सिद्ध होत नाही. तिथे ताज्या मृत पक्ष्याचे शवविच्छेदन करून हृदयातील रक्त, यकृत किंवा हाडातील मगज यांवरून जिवाणूची वाढ करून पाहणे हाच मार्ग आहे. फाउल कॉलऱ्यात पक्षी इतक्या लवकर मरतो की प्रतिपिंडे तयार व्हायला सवडच मिळत नाही. तिथे हृदयातील रक्ताचा काचपट्टीवर पातळ थर देऊन, लेशमन किंवा जिम्सा रंगाने रंगवून, दोन्ही टोकांना गडद दिसणारे पाश्चुरेला जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत आणि त्याच रक्तावरून वाढ लावून खात्री करावी. गावठी कोंबड्यांच्या खुराड्यात भिंतींच्या फटींतून गोचीड असतील आणि पक्षी तापाने पेंगत असतील, तर स्पायरोकीटोसिसची शंका घेऊन ताप असतानाच असा थर तपासावा. आर्गस जातीच्या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या आजाराचे नागमोडी जिवाणू रक्तात थेट दिसतात. काचपट्टीची ही चाचणी स्वस्त आहे, जुनी आहे आणि आजकाल विनाकारण विसरली जाते.

नमुना घेण्यातच अर्धा निकाल असतो

दोन चाचण्यांच्या निकालांत फरक पडला की दोष चाचणीला दिला जातो, पण तो अनेकदा नळीतच असतो. अंडी देणाऱ्या दीड किलोच्या कोंबडीच्या शरीरवजनाच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर रक्त निरोगी अवस्थेत काढता येते. चाचणीला एक ते दोन मिलिलिटर पुरते. पंखाच्या आतल्या बाजूची, कोपराजवळून जाणारी शीर सर्वांत सोयीची आहे. पिसे बाजूला करून जागा स्पिरिटने पुसावी, ती वाळू द्यावी, बारीक सुईने सावकाश रक्त ओढावे आणि नंतर मिनिटभर बोटाने दाबून धरावे, म्हणजे काळेनिळे होत नाही. पिस्टन जोरात ओढला असेल किंवा सुईतूनच रक्त नळीत जोराने सोडले असेल, तर तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारे पिवळसर पाणी (सिरम), लालसर होते. असे रक्तजल थेंब चाचणीत खोट्या गुठळ्या दाखवते आणि एलायझात, म्हणजे रंगाच्या तीव्रतेवरून प्रतिपिंडे मोजणाऱ्या यंत्रचाचणीतही, गोंधळ घालते.

नळी आडवी तिरकी ठेवावी, म्हणजे रक्त लांबट पृष्ठभागावर गोठून रक्तजल चांगले सुटते. गोठण्याआधी ती बर्फात घालू नये. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि बंद गाडीच्या डिकीत तो त्याहून कितीतरी जास्त होतो. म्हणून नमुने पहाटे घ्यावेत, सावलीत गोठू द्यावेत आणि सुटलेले रक्तजल लगेच वेगळ्या कुपीत काढून २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे. पुण्याला औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुने पाठवायचे असतील तर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. त्या प्रवासात गुठळीसकट नळ्या पाठवण्यापेक्षा स्वच्छ रक्तजल पाठवणे केव्हाही चांगले. थर्माकोलच्या पेटीत बर्फाची पाकिटे असावीत, पण कुप्या त्यांना थेट चिकटू नयेत.

प्रत्येक रक्तजलाचे दोन भाग करून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. मायकोप्लाझ्माच्या थेंब चाचणीसाठी रक्तजल गोठवायचे नसते आणि ते ७२ तासांच्या आत तपासावे लागते, तर एलायझासाठी तेच रक्तजल उणे २० अंशांवर गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येते. एकच कुपी गोठवली, वितळवली आणि मग दोन्ही चाचण्यांना वापरली, तर पुढची सारी तुलना पोकळ ठरते.

औषध सुरू करण्यापूर्वी नमुने घ्यावेत, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि सर्रास मोडलाही जातो. प्रतिजैविकांमुळे जिवाणूची वाढ लागत नाही हे उघड आहे. पण लवकर सुरू केलेल्या औषधाने प्रतिपिंडांचे प्रमाणही कमी राहू शकते किंवा ती उशिरा दिसू शकतात, हे लक्षात घेतले जात नाही. नमुन्यासोबतच्या कागदावर पक्ष्यांचे वय, जात, आजवर दिलेल्या सर्व लसी आणि त्यांच्या तारखा, गेल्या महिन्यातील औषधे आणि लक्षणे सुरू झाल्याचा दिवस लिहावा. लसीची तारीख नसेल तर पुढच्या कोणत्याही निकालाचा अर्थ लावणारा माणूस अंधारात चाचपडतो.

रंगीत अँटीजेनची थेंब चाचणी

या चाचणीवर थोडे अधिक थांबणे योग्य आहे, कारण ती शेडच्या ओट्यावर बसून करता येते, दोन मिनिटांत उत्तर देते, आणि नेमकी याच साधेपणामुळे ती सर्वांत जास्त वेळा चुकीची वाचली जाते.

पुलोरम आणि टायफॉइडसाठी जांभळ्या रंगाचे, मारलेल्या जिवाणूंचे अँटीजेन मिळते. देशात बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे अँटीजेन पूर्वापार परिचित आहे. अँटीजेनची बाटली फ्रिजमधून काढून वातावरणाच्या तापमानाला येऊ द्यावी आणि हलवून एकजीव करावी. स्वच्छ पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर अँटीजेनचा सुमारे ०.०२ मिलिलिटरचा थेंब ठेवावा, शेजारी तेवढाच ताज्या रक्ताचा किंवा रक्तजलाचा थेंब ठेवावा, काडीने एकत्र करून अडीच सेंटिमीटर रुंदीचा गोल करावा आणि फरशी हलकेच डोलवत राहावे. दोन मिनिटांच्या आत जांभळ्या गुठळ्या स्पष्ट सुटून मधली जागा निवळली तर निकाल पॉझिटिव्ह. दोन मिनिटांनंतर दिसलेल्या गोष्टी मोजू नयेत. उन्हाळ्यात किंवा पंख्याखाली थेंबाचा काठ आधीच वाळू लागतो आणि तिथे जमलेला रंग गुठळीसारखा दिसतो; पूर्ण रक्त वापरले असेल तर गोठणाऱ्या रक्ताचे धागेही तसाच भास निर्माण करतात. त्यामुळे आमच्याकडच्या हवेत ही चाचणी सकाळी, सावलीत, पंखा बंद करून करावी आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला खात्रीचे पॉझिटिव्ह आणि खात्रीचे निगेटिव्ह रक्तजल त्याच फरशीवर तपासून घ्यावे. ही दोन नियंत्रणे अपेक्षेप्रमाणे आली नाहीत तर त्या दिवशीची बाकीची चाचणी करूच नये.

टर्की आणि बदकांत पूर्ण रक्ताच्या थेंब चाचणीवर विसंबू नये. तिथे खोटे पॉझिटिव्ह फार येतात. कोंबड्यांतही संसर्गानंतर प्रतिपिंडे दिसायला काळ लागतो, आणि अंड्यातून संसर्ग घेऊन आलेल्या पिलात त्यांची पातळी उच्चांक गाठायला सुमारे ४० दिवस लागू शकतात. काही नियमावल्यांत म्हणूनच चार महिन्यांखालील पक्षी या चाचणीला घेत नाहीत. अगदी लहान पिलांत उलटी फसगत होते: आईकडून अंड्यातल्या बलकावाटे आलेली प्रतिपिंडे दोन-तीन आठवडे टिकतात, त्यामुळे एक आठवड्याच्या पिलाचा पॉझिटिव्ह निकाल हा बहुधा त्याच्या आईविषयीचा निकाल असतो.

या अँटीजेनची सर्वांत मोठी मर्यादा प्रयोगशाळेतील कोणत्याही कौशल्याने दूर होत नाही. पुलोरम, गॅलिनारम आणि एन्टरिटिडिस या तिन्ही साल्मोनेलांच्या पृष्ठभागावर १, ९ आणि १२ क्रमांकांचे सारखेच प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्यांना ओळखतात ते घटक, असतात. तेव्हा गुठळी आली म्हणजे "या गटातील कुणीतरी येऊन गेले" एवढेच कळते. एन्टरिटिडिसची लस घेतलेला कळपही प्रतिक्रिया देऊ शकतो. टायफॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या ९-आर या जिवंत लसीच्या जिवाणूवर ते प्रतिजन पूर्ण स्वरूपात नसल्यामुळे तिच्यानंतर गुठळ्यांचा त्रास तुलनेने कमी होतो, पण "मुळीच होत नाही" असे गृहीत धरू नये. याउलट, पुलोरमच्या काही जाती १२व्या प्रतिजनाच्या घडणीत एकमेकींपासून वेगळ्या असतात. एकाच जातीपासून बनवलेले अँटीजेन त्यांना सोडून देऊ शकते, म्हणून अनेक जातींचे मिश्र अँटीजेन घ्यावे.

मायकोप्लाझ्मासाठीची थेंब चाचणी अशीच, पण रक्तजलावर करतात. संसर्गानंतर सर्वांत आधी तयार होणाऱ्या आयजीएम प्रकारच्या प्रतिपिंडांना ती ओळखते, त्यामुळे सात ते दहा दिवसांतच बोलू लागते. दुसऱ्या कोणत्याही कारणाने जागृत झालेली प्रतिपिंडे असली तरी तीही बोलून जाते. तेलयुक्त मृत लस दिल्यानंतरचे काही आठवडे, जिवाणूंनी दूषित झालेले रक्तजल, आणि गॅलिसेप्टिकमच्या प्रतिपिंडांनी सायनोव्हीच्या अँटीजेनला किंवा उलट दिलेली प्रतिक्रिया ही खोट्या गुठळ्यांची नेहमीची कारणे आहेत. संशयास्पद रक्तजल ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवून आणि मग पातळ करून पुन्हा तपासावे. पातळ केल्यावरही जोरदार गुठळी राहिली तर ती अधिक विश्वासार्ह मानावी.

नळी, एचआय आणि एलायझा

नळीतील गुठळी चाचणी थेंब चाचणीपेक्षा संथ आहे. रक्तजल १:२५ पासून पातळ करत नेऊन अँटीजेनसह ५० अंशांवर १८ ते २४ तास ठेवतात. वरचे द्रव निवळून तळाशी दाणेदार थर बसला तर पॉझिटिव्ह, सारखा गढूळ राहिला तर निगेटिव्ह. तिच्यातून किती पातळ करूनही प्रतिक्रिया टिकली हा आकडा मिळतो, जो थेंब चाचणीत नसतो. मात्र तिचा मूळ प्रतिजन तोच असल्यामुळे एन्टरिटिडिसमुळे फसलेली थेंब चाचणी नळी चाचणीने "पक्की" केली, तर तीच फसवणूक दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखे होते. पडताळणीची चाचणी वेगळ्या तत्त्वावरची असावी, हा मुद्दा तुलनेच्या बहुतेक तक्त्यांत हरवतो.

मायकोप्लाझ्मासाठी एचआय, म्हणजे जिवाणूमुळे तांबड्या पेशींचे होणारे जमणे रक्तजलाने रोखले जाते का हे पाहणारी चाचणी, थेंब चाचणीपेक्षा अधिक विशिष्ट आहे. सामान्यतः १:८० किंवा त्याहून अधिक पातळीला पॉझिटिव्ह आणि १:४० ला संशयास्पद मानतात. तिची दुबळी बाजू अशी की ती उशिरा, साधारण तीन आठवड्यांनंतर भरवशाची होते, आणि कळपात फिरणारी मायकोप्लाझ्माची जात प्रयोगशाळेतील जातीपेक्षा फार वेगळी असेल तर ती कमी दाखवते. अँटीजेनची ताकद दर वेळी मोजून घ्यावी लागते, म्हणून ती अनुभवी हातातच शोभते.

एलायझात ९६ खळग्यांच्या पट्टीवर एका वेळी अनेक रक्तजले तपासता येतात, रंगाची तीव्रता यंत्र मोजते आणि डोळ्याच्या अंदाजाला वाव राहत नाही. नमुन्याच्या वाचनातून निगेटिव्ह नियंत्रणाचे वाचन वजा करून, आलेल्या आकड्याला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नियंत्रणांच्या फरकाने भागले की नमुन्याचे गुणोत्तर मिळते. ते किटमध्ये दिलेल्या मर्यादेच्या वर की खाली, यावर निकाल ठरतो. ती आयजीवाय प्रकारची, थोडी उशिरा येणारी पण दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे मोजते. संसर्ग होऊन आठवडाच झाला असेल तर थेंब चाचणी पॉझिटिव्ह आणि एलायझा निगेटिव्ह हे चित्र सर्वथा शक्य आहे. त्याला "चाचण्यांचा वाद" म्हणण्यापूर्वी दोन-तीन आठवड्यांनी त्याच पक्ष्यांचे रक्त पुन्हा घ्यावे. किटची मर्यादा एका कंपनीची दुसरीला लागत नाही. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकाच तक्त्यात मिसळणे टाळावे, फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढीच तुलना करावी.

पीसीआर ही प्रतिपिंडांची चाचणी नव्हे. ती जिवाणूचा जनुकीय अंश शोधते आणि मायकोप्लाझ्मासाठी रक्तापेक्षा घशातील किंवा श्वासनलिकेतील फाया तिला अधिक उपयोगी पडतो. साल्मोनेलाच्या बाबतीत अवयवांवरून जिवाणूची वाढ करणे हाच अंतिम पुरावा धरला जातो. फाउल टायफॉइड आणि पुलोरम हे २००९ च्या प्राणी संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या यादीत असल्यामुळे, असा पुरावा मिळाल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे हा मर्जीचा विषय राहत नाही.

रक्तपेशींच्या मोजणीविषयी थोडक्यात सांगतो. हेटरोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर जिवाणू संसर्गात वाढते, पण ते उष्णतेच्या ताणानेही वाढते, पकडापकडीने वाढते आणि प्रवासानेही वाढते. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी काढलेल्या रक्तात ते वाढलेले दिसले तर संसर्गाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. शिवाय कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते, त्यामुळे माणसांच्या रक्तासाठीचे स्वयंचलित यंत्र पांढऱ्या पेशी मोजताना त्यांनाही धरते. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमधून असा अहवाल आणला तर त्यातील पांढऱ्या पेशींच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. हाताने, काचपट्टीवर केलेली मोजणीच ग्राह्य धरावी.

प्रत्यक्ष तुलना

दोन चाचण्या शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर तीच रक्तजले, त्याच आठवड्यात, एकाने दुसऱ्याचा निकाल न पाहता तपासावीत. कुप्यांवर केवळ क्रमांक असावा. कोणता नमुना आजारी शेडचा हे वाचणाऱ्याला माहीत असले की त्याला गुठळ्या दिसू लागतात. समजा, उदाहरणापुरती ६० रक्तजले घेतली. थेंब चाचणी आणि एलायझा दोन्हींत पॉझिटिव्ह १८, दोन्हींत निगेटिव्ह ३३, फक्त थेंबात पॉझिटिव्ह ७, फक्त एलायझात पॉझिटिव्ह २. ५१ नमुन्यांवर एकमत झाले, म्हणजे ८५ टक्के. पण दोघांनी नुसते नाणे उडवले असते तरी काही एकमत झालेच असते. थेंबात एकूण पॉझिटिव्ह २५ आणि एलायझात २०, यावरून योगायोगाचे एकमत (२५ × २० + ३५ × ४०) भागिले ३६००, म्हणजे सुमारे ०.५३ येते. प्रत्यक्ष ०.८५ मधून ते वजा करून, शिल्लक राहू शकणाऱ्या ०.४७ ने भागले की ०.६८ मिळते. १९६० मध्ये कोहेन यांनी मांडलेला हा कप्पा निर्देशांक, ०.६१ ते ०.८० म्हणजे बऱ्यापैकी चांगले एकमत, असे सामान्यतः समजतात.

कप्पा हा केवळ एकमत मोजतो. दोन्ही चाचण्या एकाच प्रकारे चुकत असतील तर तो उत्तम येईल. कोण बरोबर हे ठरवण्यासाठी तिसरा, स्वतंत्र पुरावा लागतो: काही पॉझिटिव्ह कोंबड्यांचे शवविच्छेदन करून यकृत, प्लीहा आणि अंडाशयावरून वाढ लावणे, आणि दुसऱ्या टोकाला, ज्याचा इतिहास अनेक वर्षे स्वच्छ आहे अशा कळपाची रक्तजले त्याच चाचणीत घालून पाहणे. खऱ्या आजारी पक्ष्यांपैकी किती पकडले याला संवेदनशीलता म्हणतात आणि खऱ्या निरोगींपैकी किती निगेटिव्ह आले याला विशिष्टता. वाढ लागली नाही म्हणजे पक्षी निरोगी होता असे नव्हे, हे या हिशोबात नेहमी ध्यानात असावे; वाहक कोंबडी जिवाणू अधूनमधूनच सोडते.

त्यातही संवेदनशीलतेचा आकडा छापील पत्रकावरून उचलून आपल्या कळपाला लावण्यात गफलत होते. चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता प्रत्येकी ९५ टक्के आहे असे धरू आणि १,००० पक्ष्यांच्या कळपात २० बाधित आहेत असे समजू. २० पैकी १९ पकडले जातील. ९८० निरोगींपैकी ४९ खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण ६८ पॉझिटिव्हांपैकी खरे १९, म्हणजे जेमतेम २८ टक्के. त्याच चाचणीने ३०० बाधित असलेला कळप तपासला तर ३२० पॉझिटिव्हांपैकी २८५, म्हणजे ८९ टक्के खरे असतील. चाचणी तीच आहे, फक्त कळप बदलला. म्हणून स्वच्छ कळपातील एकट्यादुकट्या पॉझिटिव्हवरून कोंबडी कापायला काढू नये, आणि आजाराने पोळलेल्या कळपातील पॉझिटिव्हवर वाद घालत बसू नये.

पहिल्या कळपातील ६८ पॉझिटिव्ह रक्तजले वेगळ्या तत्त्वावरच्या, ९० टक्के संवेदनशील आणि ९९ टक्के विशिष्ट अशा दुसऱ्या चाचणीत घातली, तर खरे सुमारे १७ उरतात आणि खोटे अर्ध्या पक्ष्याइतकेही उरत नाहीत. मोबदल्यात २० पैकी ३ बाधित निसटतात. अंडी खाण्यासाठी विकणाऱ्या लेयर फार्मला हा सौदा परवडतो; पैदाशीच्या कळपाला परवडत नाही, कारण एक वाहक कोंबडी शेकडो पिलांपर्यंत पोचते. तिथे दोन्ही चाचण्या सर्व पक्ष्यांवर करून कोणत्याही एकीत पॉझिटिव्ह आलेला पक्षी बाजूला काढावा, आणि महिन्याभराच्या अंतराने सलग निगेटिव्ह येईपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्यात.

किती पक्षी, कोणते पक्षी

मोठ्या कळपात किमान १० टक्के पक्षी बाधित असतील तर त्यांतला एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडावा यासाठी २९ पक्षी तपासावे लागतात. ५ टक्के बाधित असतील तर ५९, आणि २ टक्केच असतील तर सुमारे १५०. हे आकडे चाचणी अचूक आहे असे धरून आहेत. ती ८० टक्केच संवेदनशील असेल तर १० टक्क्यांसाठीही ३६ लागतात. पाच-सहा पक्ष्यांचे रक्त पाठवून "कळप साफ आहे" असा दाखला मागण्याची पद्धत म्हणूनच निरर्थक आहे. मात्र उलट बाजूही पाहावी: ९८ टक्के विशिष्ट चाचणीने पूर्णपणे निरोगी कळपातील ३० पक्षी तपासले तरी त्यांत किमान एक खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ४५ टक्के असते.

पक्षी शेडच्या दारापाशी हाताला येतील ते घेऊ नयेत. पिंजऱ्यांच्या सर्व रांगांतून, दोन्ही टोकांकडून आणि मधूनही घ्यावेत. कुणी मरतुकीच्या काळात फक्त शेवटच्या घटका मोजणाऱ्या कोंबड्यांचे रक्त काढतो आणि निकाल निगेटिव्ह आला की चक्रावतो. तीव्र टायफॉइडमध्ये प्रतिपिंडे तयार होण्याआधीच पक्षी दगावतो. प्रतिपिंडे सापडतात ती वाचलेल्यांत. तेव्हा मेलेल्या ताज्या पक्ष्यांचे अवयव वाढीसाठी पाठवावेत आणि त्याच शेडमधून सावरलेल्या पक्ष्यांचे रक्त चाचणीसाठी घ्यावे.

मोहोळच्या त्या लेयर शेडला म्हणून आजच्या आज उपयोगी पडेल ते शवविच्छेदन, रक्ताचा थर आणि कोणते औषध लागू पडते हे सांगणारी वाढ. रक्तजले मात्र आज काढून गोठवून ठेवावीत, म्हणजे तीन आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यांशी एकाच किटवर, एकाच दिवशी त्यांची तुलना करता येईल. सांगोल्याच्या खरेदीदाराने तलंगांच्या लसीचा कागद आधी मागावा, ५९ पक्ष्यांची थेंब चाचणी विक्रेत्यासमोर करावी, आणि पॉझिटिव्ह आलेल्यांचे रक्तजल एलायझासाठी व घशाचे फाये पीसीआरसाठी पाठवून निकाल येईपर्यंत उरलेली रक्कम राखून ठेवावी. ब्रॉयलरच्या बॅचला, जी सहा आठवड्यांच्या आतच बाजारात जाते, प्रतिपिंडांच्या चाचणीवर खर्च करण्यापेक्षा ती पिले ज्या पैदाशीच्या कळपातून आली त्या कळपाचा चाचणी अहवाल हॅचरीकडे मागावा, आणि त्या अहवालावर चाचणीचे नाव, पक्ष्यांची संख्या, वय व तारीख या चारही गोष्टी आहेत ना, हे पाहूनच तो स्वीकारावा.